प्रकल्प नोंदी : इंजिन माउंटवर चढवणं आणि थ्रस्टची रेष जुळवणं

४ जानेवारी २०२५

मी बांधत असलेल्या विमानावर आजपासून इंजिनचं काम सुरू. लायकमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवरवालं, मागे डायनाफोकल टाइप वन माउंटिंग, म्हणजे चारही बोल्ट इंजिनच्या अक्षाशी ३० अंशांत तिरके. प्लॅनमधे थ्रस्टची रेष, म्हणजे प्रॉप (प्रॉपेलर) विमानाला ज्या रेषेत ओढतो ती, उजवीकडे २ अंश आणि खाली १ अंश दिलीये, दोन्हींना पाव अंशाची सूट.

नोंदी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या कामाबद्दल कुणाशीही बोललं की पहिला प्रश्न येतो "स्पिनर काउलच्या मधोमध आला का?" (स्पिनर म्हणजे प्रॉपच्या मध्यावरची टोपी, काउल म्हणजे इंजिनवरचं झाकण) आणि माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी विमानाची मधली रेष, मग फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत), मग नुसतं माउंट (इंजिन धरणारा नळ्यांचा सांगाडा), मग इंजिन, मग रबरं दबून बसली की परत इंजिन, आणि काउल त्यानंतर. प्रत्येक टप्प्यावर माप घेतलं की फरक नेमका कुठून आला ते कळतं, नाहीतर शेवटी सगळे फरक एकत्र होऊन स्पिनरपाशी दिसतात आणि मग कुठला कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही.

हा कोन द्यायचा कशासाठी ते पण लिहून ठेवतो. प्रॉप कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याच्या मागची हवा पिळा मारत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते, त्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं. शिवाय नाक वर असताना उजवीकडे खाली येणारं पातं जास्त ओढतं, त्याने पण नाक डावीकडेच. टेकऑफला पॉवर पूर्ण आणि स्पीड कमी, म्हणजे दोन्ही गोष्टी जोरात. म्हणून इंजिनच थोडं उजवीकडे वळवून बसवतात. याने रडरचं काम संपत नाही, पण पाय कमी दाबावा लागतो. खालचा १ अंश पॉवर वाढवल्यावर नाक वर उचललं जाऊ नये म्हणून.

११ जानेवारी

मधली रेष आणि फायरवॉल.

फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, वरच्या लाँजरॉनवर (लांबीत जाणाऱ्या मुख्य दांड्यावर) पाणसळ धरून लेव्हल केलं, लांबीत पण आणि आडवं पण. टेलड्रॅगर आहे, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली, म्हणून शेपूट स्टँडवर उचललेली. शेपटीला आत्ताच भरपूर वजन बांधून ठेवलं, कारण पंख लागलेले नाहीत आणि पुढे चाकांच्याही पुढे ११० किलोच्या आसपास इंजिन लटकणार, शेपूट मोकळी ठेवली तर सगळं नाकावर जाऊ शकतं. हे इंजिन टांगायच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

टेलपोस्टच्या (शेपटीच्या टोकाच्या उभ्या खांबाच्या) मध्यावरून एक ओळंबा, फायरवॉलच्या मध्यावरून एक ओळंबा, दोन्हींच्या टोकांखाली जमिनीवर खूण, आणि त्यातून ताणलेली दोरी पुढे प्रॉपच्या जागेच्याही पुढपर्यंत नेली. ही दोरी आता काम संपेपर्यंत हलवायची नाही. जमिनीवर खडूने पण रेष मारून ठेवली.

फायरवॉल या रेषेला काटकोनात आहे का ते बघायला टेलपोस्टच्या खुणेपासून फायरवॉलच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत कर्ण मोजले. साडेचार मीटरच्या आसपास लांबी, फरक १ मिमी. फायरवॉल ९०० मिमी रुंद आहे म्हणजे हा फरक ०.०६ अंशाचा झाला, सोडून देण्यासारखा. उभी पण ०.१ अंशाच्या आत. टेप दोन्ही बाजूंना तोच वापरायचा, ताण सारखा द्यायचा आणि मापं बाजू बदलून परत घ्यायची, नाहीतर १ मिमी कशाचा आहे ते कळत नाही.

१८ जानेवारी

नुसतं माउंट फायरवॉलवर.

माउंट क्रोमोली ४१३० च्या नळ्यांचं, टिग वेल्डिंग. वेल्डिंग थंड होताना ओढतं, कितीही चांगल्या जिगमधे (नळ्या पकडून ठेवणाऱ्या साच्यात) केलं तरी जिगमधून बाहेर काढल्यावर थोडं सुटतंच, त्यामुळे नवीन माउंट आलंय म्हणजे ड्रॉइंगबरहुकूम आलंय असं धरून चालायचं नाही. चार पाय, चार बोल्ट. तीन पाय हाताने घट्ट केल्यावर चौथा, खालचा डावा, फायरवॉलपासून वर राहिला. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं तर ०.७ मिमी.

इथे बोल्ट आवळून तो पाय खाली ओढून घेता येतो, ०.७ मिमी काहीच नाही, पाना फिरवला की फट जाते. पण मी ते करणार नाही. ओढून बसवलेल्या पायामुळे त्या कोपऱ्यातल्या नळ्यांमधे आणि वेल्डमधे कायमचा ताण राहतो, त्यावर पुढे इंजिनचं वजन, लँडिंगचे धक्के आणि मिनिटाला हजारो वेळा येणारी व्हायब्रेशन चढणार, आणि तडा गेलाच तर तो वेल्डच्या कडेलाच जाणार. फट असेल तर ती भरायची. पायाच्या आकाराचीच स्टीलची शिम, म्हणजे फट भरायची पातळ पट्टी, कापली, फटीत घट्ट सरकेल पण पाय उचलणार नाही एवढी, आणि मग चारही पाय बोल्ट न आवळता टेकले. फट याहून बरीच मोठी असती तर माउंट परत जिगमधे पाठवलं असतं.

मग रिंगची, म्हणजे माउंटच्या पुढच्या कड्याची, मापं. डायनाफोकलचे पॅड (कड्यावरच्या बोल्टांच्या बैठका) तिरके असतात त्यामुळे पॅडच्या तोंडावर पट्टी ठेवून काही कळत नाही, भोकांचे मध्य मोजावे लागतात. चारही भोकांत बसतील असे लाकडाचे गुटखे घासून घेतले, त्यांच्या मध्यावर खिळ्याने खूण, आणि फायरवॉलपासून प्रत्येक खुणेपर्यंत सरळ अंतर.

रिंगवर डाव्या-उजव्या भोकांत ३३० मिमी अंतर आहे. उजवीकडे २ अंश हवे तर डावी भोकं उजव्यांपेक्षा ११.५ मिमी पुढे हवीत. मिळालं वरच्या जोडीत १०.९, खालच्या जोडीत ११.२. म्हणजे १.९ अंश, छान. वरच्या-खालच्या भोकांत उभं अंतर ३०० च्या आसपास, १ अंशाला वरची भोकं ५.२ मिमी पुढे यायला हवीत, मिळाली ६.१, म्हणजे जवळजवळ १.२ अंश खाली. सूट आहे तेवढ्यात बसतंय पण सूट आत्ताच वापरली जातेय, आणि रबरं दबली की नाक अजून खालीच जाणार, वर नाही. हे लक्षात ठेवायचं.

आणखी एक, रिंगचा मध्य प्लॅनपेक्षा ५ मिमी उजवीकडे आहे. आत्ता काही करायचं नाही, फक्त लिहून ठेवलं.

१९ जानेवारी

फायरवॉलचे बोल्ट टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळले. ३/८ इंची, १६० ते १९० इंच-पाउंड, म्हणजे १८ ते साडेएकवीस न्यूटन-मीटर. टॉर्कनंतर रिंगची मापं परत घेतली, काही हललं नाही. शिम बरोबर होती याची हीच परीक्षा.

१ फेब्रुवारी

रबरं.

आज नुसती तयारी पण यावर थोडं लिहितो, कारण डायनाफोकल हे प्रकरण मला खरंच आवडतं. चारही बोल्टांच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या इंजिन आणि प्रॉपच्या एकत्रित गुरुत्वमध्याच्या जवळ एकमेकींकडे येतात. रबर दाबायला कडक असतं आणि कातरायला मऊ. तिरकं बसवल्यामुळे इंजिन रिंगपाशी पुढे लटकत असलं तरी त्याला आधार आपल्या गुरुत्वमध्यापाशीच मिळाल्यासारखा होतो, मग सिलिंडरच्या धक्क्यांनी ते स्वतःच्या मध्याभोवती थोडं डोलतं पण त्या डोलण्यातून वर-खाली आपटणं तयार होत नाही. सरळ बोल्टांच्या जुन्या कोनिकल माउंटमधे हे वेगळं करता येत नाही, त्यामुळे तेच इंजिन कोनिकलवर जास्त जाणवतं. चार तिरक्या भोकांत केवढा विचार आहे.

प्रत्येक बोल्टवर रबराचे दोन तुकडे, एक माउंटच्या पॅडच्या मागे, एक पॅड आणि इंजिनचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) यांच्या मधे, आणि दोन्हींच्या आतून स्टीलची एक नळी, स्पेसर. नट आवळला की रबर दबत जातं आणि स्पेसर दोन्हीकडून टेकला की थांबतं. म्हणजे रबर किती दाबायचं ते स्पेसरची लांबी ठरवते, टॉर्क नाही. टॉर्क फक्त स्पेसर घट्ट धरायला.

काही संचांत दोन्ही तुकडे सारखे असतात, काहींत एक कडक एक मऊ. माझ्या संचात वेगळे आहेत. कुठला कुठे ते पाठ करायची गरज नाही, वजन कुठे जातं ते बघायचं. इंजिन पुढे लटकतं, म्हणजे वरच्या बोल्टांवर ते माउंटपासून पुढे सुटायला बघतं आणि पॅडच्या मागचं रबर दबतं. खालच्या बोल्टांवर ते मागे रेटतं आणि पॅडच्या पुढचं रबर दबतं. कडक तुकडा दबणाऱ्या जागी, वर मागे आणि खाली पुढे. उलटं घातलं तरी सगळं बसतं, बोल्ट लागतात, बाहेरून काही कळत नाही, फक्त नाक लवकर खाली येतं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर खडूने "वर मागे", "खाली पुढे" असं लिहून ठेवलं.

रबराला तेल, ग्रीस, पेट्रोल काही लावायचं नाही. सरकवायला लागलंच तर साबणाचं पाणी.

८ फेब्रुवारी

इंजिन टांगलं!

काका आले होते मदतीला, त्यांनी स्वतःची विमानं बांधलीत आणि इंजिनं चढवलीत त्यामुळे होइस्टचा (इंजिन उचलायच्या साखळीच्या यंत्राचा) ताबा त्यांच्याकडे दिला. त्यांचं सांगणं एकच, "घाई करू नकोस, इंजिन स्वतः येऊ दे, तू ओढू नकोस."

आधी वरचे दोन बोल्ट, सैल. मग खालचा उजवा. मग खालचा डावा, आणि इथेच सगळा वेळ जातो, कारण बोल्ट एकमेकांकडे तिरके असल्यामुळे तीन लागले की चौथ्याचं भोक हमखास सरकलेलं असतं. होइस्ट अर्ध्या मिलिमीटरने वर, अर्ध्याने खाली, निमुळता गोल दांडा भोकात घालून वाट बघायची. एका क्षणी दांडा हाताने आत जातो, तीच जागा. तो क्षण यायच्या आधी बोल्ट हातोडीने ठोकायला गेलं तर आटे खराब होतात, स्पेसरची कड पण.

दुसरी अडचण म्हणजे मोकळं रबर स्पेसरपेक्षा लांब असतं, त्यामुळे नट आट्याला पोचतच नाही. आम्ही आधी तेवढ्याच जाडीचा लांब बोल्ट लावून रबर दाबलं, दुसऱ्या बाजूला आधार दिला आणि मग खरा बोल्ट आत घातला. प्रत्येकाला हेच.

संध्याकाळपर्यंत चारही बोल्ट, नट स्पेसर टेकेपर्यंत, अंतिम टॉर्क नाही, कॉटर पिन (नट फिरू न देणारी पिन) नाही. होइस्टची साखळी सैल सोडली आणि इंजिन विमानावर राहिलं. मी बराच वेळ नुसता बघत होतो. इतके दिवस जे फ्यूजलाज होतं ते आज विमानासारखं दिसायला लागलं.

९ फेब्रुवारी

पहिलं माप, फक्त वर-खालीचं. डिजिटल लेव्हल प्रॉपच्या फ्लँजवर (प्रॉप बसतो त्या चकतीवर) उभी धरली. फ्लँजचा वरचा काठ पुढे झुकलेला, १.३ अंश. मग क्रँक (इंजिनचा फिरणारा दांडा) १८० अंश फिरवून परत माप आणि दोन्हींची सरासरी, म्हणजे फ्लँजच्या तोंडात किंवा लेव्हल धरण्यात थोडा फरक असेल तर तो आपोआप जातो. फिरवताना प्लग काढलेले, मॅग्नेटो ग्राउंड केलेले, म्हणजे ठिणगी पडणार नाही. प्रॉप लागलेला नसला तरी सवय तीच ठेवायची.

माउंट १.२, इंजिनसकट १.३. पण हे माप मी फार मनावर घेत नाहीये. स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, एक्झॉस्ट नाही, प्रॉप नाही, रबर एका रात्रीचं. ही सगळी वजनं पुढे आहेत आणि रबर काही दिवस दबत राहतं. आज शिम घातली तर ती आजच्या इंजिनसाठी असेल.

इंजिन आडवं पण ०.२ अंशात लेव्हल आहे. त्याचा थ्रस्टशी संबंध नाही, एक्झॉस्ट काउलला कुठे लागतोय तेवढ्यापुरतं.

८ मार्च

मधल्या काळात स्टार्टर, अल्टरनेटर, कार्बोरेटर, एक्झॉस्ट सगळं लावलं. प्रॉप अजून पेटीत आहे, त्याच्या जागी फ्लँजवर तेवढंच वजन अडकवून ठेवलं होतं. रबरांना महिनाभर मिळाला. आज खरी मोजणी.

वर-खाली : १.५ अंश. अपेक्षेप्रमाणे नाक खाली गेलंय, आणि सूट सव्वा अंशापर्यंतच आहे.

डावं-उजवं मोजायला १८०० मिमीची सरळ फळी घेतली, बरोबर मध्यावर भोक, फ्लँजला दोन बोल्टांनी घट्ट. फळी आडवी लेव्हल केली आणि टेलपोस्टच्या खुणेपासून फळीच्या दोन्ही टोकांपर्यंत अंतर. इंजिन उजवीकडे बघत असेल तर डावं टोक पुढे जातं, म्हणजे डावं अंतर जास्त. २ अंशांना फळीची टोकं एकमेकांपेक्षा ६२.८ मिमी पुढे-मागे होतात, टेप थोडा तिरका जातो म्हणून टेपवर फरक दिसायला हवा ६२. मिळाला ५८, क्रँक अर्धा फेरा फिरवून फळी उलटी केल्यावर ६०. सरासरी ५९. फळी उलटी केल्याशिवाय हे माप घेऊच नये, फळी कितीही सरळ दिसली तरी.

पण ५९ वरून लगेच कोन काढायचा नाही. फ्लँजचा मध्य मधल्या रेषेवर नसेल तर त्याने पण दोन अंतरांत फरक पडतो. ओळंबा फ्लँजच्या मध्यावरून खाली सोडला, तो दोरीच्या ४ मिमी उजवीकडे पडला. जानेवारीत रिंग ५ मिमी उजवीकडे दिसली होती, तीच ही. टेलपोस्टपासून फळीपर्यंत ५.४ मीटर आहे, त्या हिशोबाने मध्य १ मिमी सरकला तर अंतरांतला फरक ०.३३ मिमी बदलतो, म्हणजे ४ मिमीला १.३. मध्य उजवीकडे असल्यामुळे डावं अंतर तेवढं कमी दिसत होतं, ते मिळवलं तर ६०.३. त्यावरून कोन १.९५ अंश.

नुसत्या माउंटवर १.९ होता. दोन अगदी वेगळ्या पद्धती, एक फायरवॉलपासून आणि एक शेपटीपासून, आणि उत्तर एकच. डावं-उजवं संपलं, याला आता हात लावायचा नाही.

१५ मार्च

खालच्या बोल्टांना शिम.

नाक वर करायचं म्हणजे इंजिनची खालची बाजू पुढे ढकलायची, म्हणून खालच्या दोन्ही बोल्टांवर, इंजिनचा कान आणि पुढचं रबर यांच्या मधे चकती. इथे साधा छोटा वॉशर मी वापरला नाही. तो फक्त बोल्टच्या भोवती टेकतो आणि रबराचा पत्रा कडेने मोकळा राहतो. कानाच्या तोंडाएवढ्या रुंद स्टीलच्या चकत्या करून घेतल्या, १.६ आणि ०.८ मिमी जाड. स्पेसर चकतीवर टेकतो त्यामुळे रबराचा दाब होता तेवढाच राहतो, फक्त इंजिन पुढे येतं.

आधी हिशोब. बोल्ट ३० अंश तिरका म्हणून १.६ मिमीची चकती इंजिनला सरळ पुढे १.४ मिमीच सरकवते. ३०० मिमी उभ्या अंतरावर १.४ म्हणजे ०.२७ अंश. माउंटपासून स्पिनरच्या बॅकप्लेटपर्यंत (मागच्या चकतीपर्यंत) ६०० मिमी धरलं तर तिथे नाक पावणेतीन मिमी वर. कागदावर हे आधी लिहून मग चकती घालायची, कारण प्रत्यक्ष माप हिशोबाशी जुळलं नाही तर कुठेतरी काहीतरी अडकलंय, रबर तिरकं बसलंय किंवा स्पेसर टेकलेलाच नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

होइस्टवर वजन घेतलं, वरचे दोन बोल्ट तसेच ठेवून खालचे दोन काढले, चकत्या, परत बोल्ट, होइस्ट सैल. माप १.२ अंश. हिशोबाने १.२३ यायला हवा होता. मग ०.८ ची पण घातली, १.१ अंश.

अजून एक जाड चकती घालून थेट ०.८ वर न्यावं का, म्हणजे पुढे दबेल त्याची आधीच भरपाई, असा विचार केला. नाही केलं. बोल्टची लांबी मोजकी आहे, चकत्या वाढल्या की कॉटर पिनचं भोक नटाच्या खाचांच्या आत जातं आणि आटे कमी पकडतात. आत्ता पण नटाखालचे जाड वॉशर काढून पातळ घालावे लागले तेव्हा भोक जागेवर आलं. पुढे खरंच जास्त दबलं तर रबरं बदलायची, चकत्यांचा ढीग करायचा नाही.

२२ मार्च

काउल. या दिवसाची वाट बघत होतो आणि थोडी काळजी पण होती.

प्लायवुडची चकती कापली, स्पिनरच्या व्यासाची, आणि बॅकप्लेटच्या जागी लावली. फायबरग्लासच्या काउलचे दोन्ही भाग तात्पुरते फायरवॉलला बसवले. मागची कड फायरवॉलला अगदी जुळते, आणि पुढे फट डावीकडे १० मिमी, उजवीकडे २. सगळीकडे ६ हवी होती.

बघायला आलेल्या दोघांनी तेच सुचवलं जे कुणीही सुचवेल, उजव्या दोन बोल्टांना चकत्या घाल, नाक ४ मिमी डावीकडे येईल, स्पिनर मधोमध. येईल हे खरंय. पण ६०० मिमीवर ४ मिमी म्हणजे ०.३८ अंश, आणि तो जाणार आपल्या १.९५ मधून, राहणार १.५७. पाव अंशाच्या सुटीच्या बाहेर.

मी तिथेच पाटीवर मांडून दाखवलं. प्रॉप गुरुत्वमध्याच्या दीड मीटर पुढे आहे. उजवीकडे १.९५ अंश म्हणजे थ्रस्टची रेष मागे वाढवली तर ती गुरुत्वमध्याच्या ५१ मिमी डावीकडून जाते, आणि त्या ५१ मिमीच्या पट्टीनेच ती नाकाला उजवीकडे ढकलते. प्रॉपचा मध्य ४ मिमी उजवीकडे आहे म्हणून यातले ४ कमी, ४७. चकत्या घालून स्पिनर मधोमध आणला तर ते ४ परत मिळतात पण कोन कमी झाल्यामुळे १० जातात, राहतात ४१. म्हणजे दिसायला बरोबर झालं आणि उडायला कमी झालं. मध्य ४ मिमी सरकलेला चालतो, कोन गमावलेला चालत नाही. काउल हा हवा वळवायचा कागदासारखा पातळ भाग आहे, त्याच्यासाठी इंजिन हलवायचं नाही.

मग काउलच वळवलं. मागच्या कडेला कापायला जादा भाग असतोच. काउल ९०० मिमी लांब आणि तेवढंच रुंद, म्हणजे पुढचं तोंड ४ मिमी उजवीकडे न्यायला मागची उजवी कड डाव्यापेक्षा ४ मिमी जास्त कापायची, मधे हळूहळू कमी होत. एका वेळी थोडं घासून, परत लावून, परत बघून. फट डावीकडे ६, उजवीकडे ६.

उभ्या दिशेत मुद्दाम समान ठेवलं नाही. चकती काउलच्या तोंडाच्या मध्यापेक्षा २ मिमी वर ठेवून काउलची जागा पक्की केली. रबरं अजून थोडी दबणारच, मग खाली आल्यावर मधोमध येईल.

५ एप्रिल

अंतिम टॉर्क. ७/१६ इंची बोल्ट, ४५० ते ५०० इंच-पाउंड, ५१ ते ५६ न्यूटन-मीटर. आटे कोरडे. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेले) आहेत त्यामुळे आधी ४५० ला आणायचं, मग पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत आवळायचं. ५०० च्या आत आली नाही तर नट मागे फिरवून जुळवायचं नाही, वॉशर बदलायचा. एका बोल्टला तेच करावं लागलं. सगळीकडे नवीन कॉटर पिन, आणि नटावर लाल रेष म्हणजे फिरला तर लांबूनच दिसेल.

इंजिनपासून फ्रेमपर्यंत जाड विणलेली ग्राउंडची पट्टी लावली. रबरांमुळे इंजिन विजेच्या दृष्टीने विमानापासून सुटं असतं. पट्टी नसेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधत थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या केबलमधून जातो आणि त्या आतून जळतात. पट्टी ताणलेली नको, इंजिन डोलेल तेवढी सैल.

होझ आणि केबलना पण तसाच सैलपणा. थ्रॉटल केबलचा ब्रॅकेट मी इंजिनवरच घेतला, फायरवॉलवर किंवा माउंटवर नाही, म्हणजे इंजिन हललं तरी केबलचं टोक त्याच्यासोबत हलतं आणि थ्रॉटल स्वतःहून बदलत नाही.

१४ जून

गेल्या काही आठवड्यांत इंजिन जमिनीवर थोडा थोडा वेळ चालवलं, काउलशिवाय आणि सिलिंडर तापू न देता. सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना इंजिन चांगलंच झटका घेतं, फ्लँज दोन्ही बाजूंना सरकताना डोळ्यांना दिसतो, वरच्या आरपीएमला मात्र कॉकपिटमधे पाण्याचा ग्लास ठेवता येईल एवढं शांत. मग काउल चढवून फक्त एकदा सुरू करून बंद केलं, स्पिनरच्या कडेला सगळीकडे खडू लावून. खडू पुसला गेला नाही, ६ मिमीची फट पुरते.

आज कॉटर पिन काढून चारही टॉर्क तपासले. तीन नट हलले नाहीत, वरचा उजवा ४५० पर्यंत यायला किंचित फिरला. नवीन पिन, नवीन लाल रेष. खालची डावी शिम आणि त्या कोपऱ्याचे वेल्ड भिंगाने बघितले, स्वच्छ.

फ्लँजवर वर-खाली १.१५ अंश, स्पिनर अर्धा मिमी खाली आलाय. फळी परत लावून डावं-उजवं पण घेतलं, ६० आणि ५८, सरासरी तीच ५९.

पुढचं माप पहिल्या २५ तासांनंतर, तेव्हा काउल काढलेलंच असेल. आता बॅफल्स, म्हणजे सिलिंडरभोवती हवा वळवणारे पत्रे.